सगळ्यांचा नंबर एकच: भट्टीच्या वहीतल्या नोंदी

१४ जून २०२५

भट्टी बंद होऊन दहा दिवस झाले. राहिलेल्या कच्च्या विटांवर ताडपत्री टाकून दगड ठेवलेत. खानापुरात (जि. बेळगाव) पाऊस एकदा लागला की नवरात्रापर्यंत विटेचं काम नाही, त्यामुळे आता फक्त वसुली आणि हिशोब.

उधारीची यादी यंदा पहिल्यांदाच कॉम्प्युटरवरून काढली. प्रोग्रॅम ओळखीच्या एका पोरानं करून दिलाय. यादी छापून आली आणि तात्यांनी (माझे चुलते, भट्टी त्यांचीच) चष्मा वर सरकवून विचारलं, "एवढी सगळी गिऱ्हाइकं एकाच घरात राहतात काय रे?" बघतो तर प्रत्येक नावापुढं मोबाइल नंबर एकच. २१४७४८३६४७.

संध्याकाळी कारण सापडलं. नंबर साठवायच्या रकान्याला त्या पोरानं 'पूर्णांक' असा प्रकार दिलेला. तशा रकान्याला ३२ खुंट्या (म्हणजे बिट) असतात, त्यातली एक अधिक-उणे चिन्हासाठी जाते. उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे हीच. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८, ९ नं सुरू होतात, म्हणजे झाडून सगळे हिच्यापेक्षा मोठे. न मावणारा प्रत्येक नंबर कापून प्रोग्रॅमनं त्या जागी ही कमाल मर्यादा लिहून ठेवली. खरे नंबर गेले ते गेलेच, आता जुन्या वहीतून परत घालायचे.

पोराला फोन केला. म्हणाला, "दादा, रकाना बदलून देतो की." तेवढ्यावर सोडून दिलं. डोक्यातून मात्र संख्या जाईना. बीएस्सीला असताना ही भेटली होती. ही मूळ संख्या आहे.

१६ जून

शाळा सुटल्यावर पुतणी आणि तिची मैत्रीण (दोघी नववीत, मराठी माध्यम), भाचा (आठवीत) आणि शेजारचा एक पोरगा असे चौघं शेडमध्ये बसतात. भाचा बैलहोंगलला वाढला, शाळा पहिल्यापासून कन्नड. बहीण यंदा इकडं राहायला आली म्हणून तो आमच्यात.

मूळ संख्या विटांनी दाखवली. बारा विटा दिल्या: तीनाचे चार थर, दोनाचे सहा, चाराचे तीन. मग तेरा दिल्या. चौघांनी खटपट केली, शेवटी एक लांब रांग. तेरा विटांचा चौकोनी ढीग होत नाही, एक तरी वीट बाहेर राहतेच. तात्या पलीकडून म्हणाले, "म्हणून तर विटा हजारानं मोजायच्या."

मग यादीतला नंबर दाखवला. एवढ्या विटा असत्या तर? पुतणी म्हणाली, "रांगच होणार म्हणता, पण कशावरून? कुणी रचून बघितलंय?"

हा प्रश्न वहीत लिहून ठेवला. फोनवर विचारलं तर एका सेकंदात 'मूळ' असं उत्तर येतं. पण पुतणीनं उत्तर विचारलंच नव्हतं.

२२ जून

काम ठरवलं: २१४७४८३६४७ मूळ आहे हे हातानं भागून दाखवायचं. फोन फक्त शेवटी.

सरळ रस्ता असा: वर्गमूळ काढायचं, ते ४६३४० आणि वर थोडं. संख्येचे दोन तुकडे होत असतील तर एक तरी तुकडा ४६३४० च्या आत असणार. तेव्हा तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. तशा पावणेपाच हजारांच्या आसपास आहेत. शेजारच्या पोरानं हिशोब केला, रोज वीस भागाकार केले तरी आठ महिने. तोवर पुढची भट्टी लागून विझायची.

ऑयलर या गणित्यानं ही मूळ आहे असं दाखवलं ते १७७२ मध्ये तिसऱ्या योहान बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात. तेव्हा तो पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. माणसाला दिसत नाही आणि दहा अंकी संख्येला शेकडो भाजक लावून बघायचेत, तेव्हा त्यानं आधी भाजकच कमी केले. आपणही तेच करायचं.

२५ जून

२ चे घात वजा १ अशा संख्या फळ्यावर लिहिल्या: ३, ७, ३१, १२७. घातांक २, ३, ५, ७. सगळ्या मूळ. पुतणीनं लगेच नियम केला: घातांक मूळ तर संख्या मूळ. पुढचा घातांक ११, संख्या २०४७. अर्ध्या तासात मैत्रिणीनं तोडली: २३ × ८९.

पुतणी हिरमुसली. म्हटलं, तू चांगल्या संगतीत आहेस. मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं १६४४ मध्ये अशा घातांकांची २५७ पर्यंतची यादी दिली, त्यात ६७ आणि २५७ चुकीचे घुसले आणि ६१, ८९, १०७ राहून गेले. ६७ च्या घाताची संख्या कोल नावाच्या गणित्यानं १९०३ मध्ये तोडून दाखवली, १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. त्याला विचारलं किती वेळ लागला, तर म्हणे तीन वर्षांचे रविवार.

भाचा म्हणाला, "मामा, आमचे पण रविवार जाणार काय?"

२८ जून

करंट नाही. कंदिलावर काम. आजचा दिवस कामाचा गाभा, म्हणून सविस्तर लिहितो.

२३ नं २०४७ ला भाग का गेला ते बघायचं होतं. १ पासून दुप्पट करत जायचं, २३ च्या वर गेलं की २३ वजा करायचे. मुलांनी मोठ्यानं म्हटलं: दोन, चार, आठ, सोळा, नऊ, अठरा, तेरा, तीन, सहा, बारा, एक. अकराव्या पायरीला पुन्हा एकावर. जात्याचा खुंटा फिरून परत हातासमोर यावा तसं. म्हणजे २ चा ११ वा घात २३ नं भागला की बाकी १, आणि त्यातून १ काढला की बाकी शून्य.

आता शून्य सोडून २३ च्या बाक्या २२ असतात. एका फेरीत ११ आल्या, उरलेल्या ११ ची दुसरी फेरी: ५, १०, २०, १७, ११, २२, २१, १९, १५, ७, १४. फेऱ्या सारख्याच लांबीच्या होतात, म्हणून २२ ला ११ नं भाग जायलाच हवा.

हेच आपल्या संख्येला लावलं. एखादी मूळ संख्या आपल्या संख्येला भागत असेल तर तिच्यावर दुपटीची फेरी ३१ पायऱ्यांत एकावर येते. त्याआधी येऊ शकत नाही, कारण फेरीची लांबी ३१ ला भागणारी हवी आणि ३१ स्वतः मूळ आहे. मग भाजकातून १ वजा केला की ३१ नं भाग जाणार. भाजक विषम, म्हणून २ नंही. म्हणजे भाजक ६२ च्या पाढ्यात एक मिळवून येणारे: ६३, १२५, १८७, २४९, ३११...

शेजारचा पोरगा बराच वेळ गप्प होता, मग एकदम म्हणाला, "म्हणजे आपण संख्येला हात न लावता चोर कुठल्या गल्लीतला ते सांगितलं." माझ्या बीएस्सीच्या वहीत हे इतक्या सोप्या शब्दांत नव्हतं.

२ जुलै

गल्ली अजून अरुंद केली. भाजकाच्या हिशोबात २ चा ३१ वा घात १ धरला तर ३२ वा घात २ होतो, म्हणजे २ चा १६ वा घात हे २ चं वर्गमूळ झालं. ज्या मूळ संख्यांच्या बाक्यांत २ हा कुणाचा तरी वर्ग असतो, त्या ८ च्या पाढ्याच्या एक पुढं किंवा एक मागं असतात. सिद्ध करून दाखवलं नाही, खडूनं तपासलं. ७ मध्ये ३ चा वर्ग ९, बाकी २. १७ मध्ये ६ चा वर्ग ३६, बाकी २. २३ मध्ये ५, ३१ मध्ये ८. उलट ५, ११, १३, १९ मध्ये कितीही वर्ग करा, २ येत नाही. सिद्धता राहिली ही खुपते, पण नववीच्या पोरांना आज तेवढं पुरे.

दोन्ही अटी एकत्र केल्यावर उरले २४८ च्या पाढ्यात १ मिळवलेले आणि २४८ च्या पाढ्यात ६३ मिळवलेले. ४६३४० पर्यंत पहिले १८६, दुसरे १८७. एकूण ३७३. त्यातले ३, ५, ७ नं भाग जाणारे खोडले, कारण आपल्या संख्येला त्या तिघांनी भाग जात नाही हे आधी बघितलंय. पहिल्या यादीत ८४ उरले, दुसऱ्यात ८५. एकूण १६९ भागाकार. अजून चाळता आले असते, पण चाळत बसण्यापेक्षा भागणं बरं असं मुलांचं मत पडलं.

दोन गट: 'वीट' (पुतणी आणि मैत्रीण) पहिली यादी, 'कौल' (भाचा आणि शेजारचा) दुसरी. आवाज मोठा करून भाज्य सांगितला आणि दोघांनी आपापल्या वहीत पहिल्या पानावर लिहून घेतला. पाऊस पत्र्यावर इतका जोरात होता की दोनदा ओरडावं लागलं.

६ जुलै, आषाढी

उपवास. रताळी उकडली, आमच्याकडची. तात्या आज निवांत होते म्हणून त्यांना 'हिशोब तपासनीस' नेमलं.

तात्या पावकी-निमकी-दिडकी पाठ केलेल्या पिढीतले. ते भागाकार पुन्हा करत नाहीत, नवाचा ताळा बघतात: अंकांची बेरीज करत एक अंक उरेपर्यंत यायचं, भाजकाचा आणि भागाकाराचा गुणायचा, बाकीचा मिळवायचा, भाज्याशी जुळतोय का बघायचं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६, त्याचे १०, त्याचा १.

वीट गटाचा १४८९ चा भागाकार: १४४२२३२, बाकी १९९. १४८९ चा ताळा ४, भागाकाराचा ९, गुणून पुन्हा ९, बाकीचा १, बेरीज १०, म्हणजे १. जुळला. तात्यांनी लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि वर म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. ताळा न जुळला तर चूक नक्की. जुळला म्हणून हिशोब बरोबर, असं मात्र नव्हे."

९ जुलै

वीट १९, कौल १४. पुतणीच्या वहीवर चहा सांडला.

१५ जुलै

कौल गटाचे २३ भागाकार पाण्यात.

सहज म्हणून ३११ मी स्वतः करून बघितला. भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. भाच्याच्या वहीत भागाकार ६९०४९४७, बाकी १३०. मी चुकलो असेन म्हणून पुन्हा केला. पुन्हा ३५. त्याला करायला लावला, त्याला पुन्हा १३०. तात्यांचा ताळा दोघांचाही जुळतो, दोन्हीकडं १. पाच मिनिटं आम्ही सगळे वेड्यासारखे एकमेकांकडं बघत बसलो.

मग अकराचा ताळा घेतला. उजवीकडून एक अंक अधिक, एक उणे. आपल्या संख्येचा येतो १२, म्हणजे १. माझ्या भागाकाराचा १ आला, भाच्याचा २. तेव्हा कुठं त्याच्या वहीचं पहिलं पान उघडलं. भाज्य: २१४७४३८६४७.

८३ च्या जागी ३८. अंक तेच, जागा बदललेल्या. अंकांची बेरीज बदलत नाही, म्हणून नवाचा ताळा आंधळा. अकराच्या ताळ्याला शेजारचे अंक एक अधिक एक उणे असे लागतात, म्हणून त्याला दिसलं.

१६ जुलै

भाचा रात्रभर तोंड पाडून होता. बहीण म्हणाली, जेवला नाही. आज त्याला जवळ बसवून विचारलं, कसं लिहिलंस?

"मामा, तुम्ही 'त्र्याऐंशी हजार' म्हटला. त्र्या ऐकलो, तीन लिहिलो. मग ऐंशी ऐकलो, आठ लिहिलो."

चूक माझी होती. मी अख्खी संख्या आपल्या पद्धतीनं सांगितली: दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. मराठीत एकक आधी बोलतात, दशक नंतर. कन्नडमध्ये ८३ म्हणजे एंबत्तमूरु, ऐंशी आधी आणि तीन मागाहून, जसं लिहायचं तसंच बोलायचं. भाचा आयुष्यभर ऐकला तसा लिहीत आला. घरात मराठी बोलतो, पण आकडे त्याच्या डोक्यात कन्नडमधून येतात. चौऱ्याहत्तर आणि सत्तेचाळीसला त्यानं स्वतःला सावरलं, पावसाच्या आवाजात त्र्याऐंशीला घसरला.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' आलं तेव्हा किती गदारोळ झाला होता. मीही तेव्हा कट्ट्यावर बसून हसलो होतो. काल रात्री हसू आलं नाही. तरी त्र्याऐंशी हा शब्द मी सोडणार नाही. संख्या सांगताना मात्र यापुढं एकेक अंक: दोन, एक, चार, सात, चार, आठ, तीन, सहा, चार, सात. मोबाइल नंबर आपण असाच सांगतो की.

पुतणीनं एक चांगली गोष्ट केली. कौलच्या यादीतले दहा भाजक वीट गटाकडं घेतले. न सांगता.

२० जुलै

रविवार. कौल गटानं आज दिवसभरात २३ पैकी २१ परत केले. १३०३: भागाकार १६४८१०७, बाकी २२६. दोन्ही ताळे जुळले. आता प्रत्येक भागाकाराला नवाचा आणि अकराचा असे दोन्ही ताळे बघायचे असा नियम.

शेजारच्या पोराला एक गंमत दिसली: आपल्या संख्येचा नवाचा ताळा १, अकराचाही १, सातानं भागली तरी बाकी १. योगायोग नाही. संख्येतून १ काढला की तिचे तुकडे होतात २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. स्वतः ती कुणाला दाद देत नाही आणि शेजारची इतकी मोडकी.

दुपारी तात्यांच्या वाक्यावरून ३४१ ची गोष्ट सांगितली. फर्मा या गणित्यानं सांगून ठेवलंय: २ सोडून कुठल्याही मूळ संख्येच्या एकानं कमी एवढा २ चा घात घेतला आणि त्या संख्येनं भागला, तर बाकी १. हाही एक ताळाच. आता ३४१ घ्या. २ चा १० वा घात १०२४, त्यातून ३४१ तिनदा काढले की १ उरतो. म्हणजे ३४० वा घातही १. ताळा बिनचूक जुळतो. आणि ३४१ विटा दिल्या तर? भाच्यानं अंगणात रांग लावायला घेतली, मग वहीत भागून बघितलं: ३१ च्या ११ रांगा. सारस नावाच्या फ्रेंच माणसाला ही १८१९ मध्ये सापडली. तात्या खूश. "मी सांगत होतो की नाही!"

२३ जुलै

पावसामुळे शाळांना सुट्टी. मलप्रभेचं पाणी वाढलंय म्हणतात. मुलं सकाळपासून शेडमध्ये. वीट ७८, कौल ६६, वर उसने घेतलेले १० वीट गटानं पुरे केले.

उशिरा कंटाळा आला तेव्हा परिपूर्ण संख्या सांगितल्या. ६ चे भाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. प्रत्येक मेर्सेन मूळ संख्येपासून (२ चा घात वजा १ अशी जी मूळ असते तिच्यापासून) अशी एक बनते. आपलीपासून बनते ती १९ अंकी, २३०५८४३००८१३९९५२१२८. बार्लो नावाच्या इंग्रज गणित्यानं १८११ मध्ये लिहून टाकलं की याहून मोठी कधी सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काही नाही, तेव्हा शोधायला कोण बसणार. १८७६ मध्ये लुकास या फ्रेंच गणित्यानं २ चा १२७ वा घात वजा १ ही मूळ ठरवून त्याला खोटं पाडलं, ती ३९ अंकी. बार्लोला आमची उधारीची यादी दाखवायला हवी होती.

२५ जुलै

संपलं. शेवटचा भाजक ४६१२९ वीट गटाच्या वाट्याला होता. फळ्यावर सगळ्यांसमोर केला: भागाकार ४६५५३, बाकी ४०३१०. नवाचा ताळा जुळला, अकराचा जुळला. १६९ भागाकारांत एकही शून्य नाही.

मैत्रिणीनं टाळ्या वाजवल्या, पुतणीनं नाही. म्हणाली, "काका, १६९ मधला एक जरी आम्ही चुकलो असलो तर? शून्य यायला पाहिजे होता तिथं दुसरं काही आलं असलं तर?" दोन ताळे लावलेत, दोन्हीतून सुटेल अशी चूक विरळाच, पण सुटूच शकत नाही असं मी म्हणू शकत नाही. तिला तसंच सांगितलं. मग ठरलं, वेगळ्या वाटेनं एकदा तपासायचं.

२६ जुलै

वेगळी वाट म्हणजे लुकासची, नंतर लेमरनं १९३० च्या सुमारास घासूनपुसून सोपी केलेली. ४ पासून सुरू करायचं. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवायची. घातांकापेक्षा २ नं कमी एवढ्या पायऱ्या. शेवटी शून्य आला तर मूळ, नाही आला तर नाही. हा नुसता ताळा नव्हे, दोन्ही बाजूंनी पक्का निकाल आहे. आणि यात भाजक शोधायचाच नाही.

आधी १२७ वर. घातांक ७, पायऱ्या ५. ४, १४, मग १९४. इथं भागायची गरजच नाही: १२८ ला १ धरायचं, म्हणजे १९४ चे १२८ नं तुकडे करायचे, १ आणि ६६, बेरीज ६७. पुढं ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७, तुकडे ३५ आणि ७, बेरीज ४२. मग १७६२, तुकडे १३ आणि ९८, बेरीज १११. मग १२३१९, तुकडे ९६ आणि ३१, बेरीज १२७. म्हणजे शून्य.

तात्या मागं उभे राहून बघत होते. "अरे, हा तर आपला ताळाच!" तसंच आहे. दहाला १ धरून अंक मिळवले की नवाचा ताळा, १२८ ला १ धरून तुकडे मिळवले की १२७ चा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ल्यूक ड्युरंटला जी तोवरची सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १, चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची, तिच्या पक्क्या तपासणीतही अशाच पायऱ्या चालवल्या, आणि प्रत्येक पायरीला भागण्याऐवजी हीच तुकडे मिळवायची युक्ती.

२०४७ वर मुलांनी नऊ पायऱ्या केल्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. २३ किंवा ८९ चं नावही न घेता कळलं की ही मूळ नाही.

मग आपली. २९ पायऱ्या, बरेचसे वर्ग अठरा-एकोणीस अंकी. इथं फोन काढला, चार ओळींचा प्रोग्रॅम भाच्याला टाइप करायला लावला. संख्या त्यानं एकेक अंक मोठ्यानं म्हणत घातली. आकडे सरसर वर गेले, बहुतेक नऊ-दहा अंकी, कशाला काही धरबंध नाही. २९ वी ओळ: ०.

या वेळी पुतणीनं टाळी वाजवली.

२९ जुलै, नागपंचमी

सुट्टी. प्रोग्रॅमवाल्या पोरानं रकाना बदलून दिला. जुन्या वहीतून ४० नंबर परत घातले, बाकीचे राहिलेत. ताडपत्री एका कोपऱ्यात फाटलीय, उद्या शिवायची.

भाचा एकटाच शेडमध्ये बसला होता. वहीचं ते पहिलं पान त्यानं फाडलं नाही. २१४७४३८६४७ च्या भोवती चौकट काढलीय.

"मामा, ही मूळ हाय काय?"

मला ठाऊक नाही. फोन काढायला गेलो तर त्यानं हात धरला. त्याला म्हटलं, हिला ऑयलरची गल्ली लागू नाही, ही २ च्या घातापासून झालेली नाही, तुझ्या कानापासून झालेली आहे. हिला पावणेपाच हजार भाजक लागतील. म्हणाला, लागू देत. शंभरपर्यंतचे सगळे त्यानं दोन दिवसांत करून टाकले होते, एकानंही भाग गेला नव्हता. वहीत खाली त्याच्या अक्षरात:

१०१, बाकी ७९.
१०३, बाकी ९३.
१०७, बाकी ७.
१०९, बाकी १०८.

शेवटच्या ओळीपुढं त्यानं पेन्सिलनं कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं होतं. वाचून दाखव म्हटलं तर लाजला. "एकानं चुकलं, मामा," म्हणाला, आणि ११३ घेतला.